घरचं तोंड

भाऊंनी गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांची चित्रं काढली होती. बेकरीवाला झाला, पोस्टमन झाला, समोरचा घड्याळजी झाला, घड्याळजीकडे चार दिवस पाहुणा म्हणून आलेला त्याचा मेव्हणासुद्धा सुटला नाही. राहिली होती फक्त भाऊंची स्वतःची बायको, आणि तिचं चित्र काही केल्या जमत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

भाऊंचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, त्यांच्यासमोर भिंतभर आरसा, मागच्या भिंतीला टेकून एक बाक, आणि बाकावर कायम कुणीतरी बसलेलं, ज्याला केस कापायचेच असतील असं नाही. दुकानाच्या वर घर. तिथे भाऊंची बायको पाळणाघर चालवायची. सकाळपासून डोक्यावर इवली इवली पावलं धावायची, मधूनच काहीतरी धाडकन आपटायचं, मग एक आवाज यायचा आणि सगळं चिडीचूप व्हायचं. तो आवाज आला की खाली खुर्चीतलं गिऱ्हाईकही पाठ सरळ करून बसायचं. या बाईंना अख्खी गल्ली वहिनी म्हणायची, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

केस कापणारा माणूस चित्रं कशी काढायला लागला, ते आधी सांगायला हवं. शाळेत असताना भाऊंनी गाय काढली होती. मास्तरांनी ती वर्गापुढे धरून विचारलं, "हे काय आहे?" वर्ग एका सुरात म्हणाला, "पलंग." त्यानंतर पन्नाशी उलटेपर्यंत भाऊंनी पेन्सिल हातात धरली ती लेकीचा अभ्यास घेण्यापुरती.

सगळं सुरू झालं बेकरीवाल्याच्या मिशीपासून. बेकरीवाल्याला मिशी ठेवायची होती, पण शोभेल की नाही याची खात्री नव्हती. दर खेपेला तो खुर्चीत बसला की विचारायचा, "भाऊ, ठेवू का?" आणि भाऊ म्हणायचे, "ठेवा की." मग तो म्हणायचा, "नको, राहू दे." असं बरेच महिने चाललं. शेवटी एकदा भाऊ वैतागले. त्यांनी साबणाचा ब्रश फेसात बुडवला आणि सरळ आरशावर, जिथे बेकरीवाल्याचा वरचा ओठ दिसत होता तिथे, झकास पिळदार मिशी काढली.

"घ्या. बघा शोभते का."

बेकरीवाल्याने निरखून पाहिलं. "भाऊ, ही माझ्या कानावर आहे."

भाऊंना कळेना. त्यांना तर ती बरोबर नाकाखाली दिसत होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण बाजूला उभे आहोत आणि हा बसलाय, दोघांना आरसा वेगवेगळा दिसतोय. त्यांनी मिशी पुसली, खाली वाकले, बेकरीवाल्याच्या गालाला गाल लावला आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून पुन्हा मिशी काढली. या वेळी ती अशी चपखल बसली की बाकावरचे दोघे उठून बघायला आले. अर्थात त्यांना ती भलतीकडेच दिसली.

"आहाहा," बेकरीवाला म्हणाला आणि बाजूने कसं दिसतं ते बघायला त्याने मान वळवली.

"हलू नका," भाऊ म्हणाले, "मिशी पडेल."

तेव्हापासून ही रीतच पडली. कुणाला दाढी कोरून घ्यायची असो, कुणाला कल्ले कमी करायचे असोत, आधी भाऊ गालाला गाल लावून फेसाने आरशावर नमुना काढायचे, गिऱ्हाईक पसंत करायचं, आणि मगच वस्तरा चालायचा. हात बसत गेला. नुसत्या मिशीवरून गोष्ट हनुवटीपर्यंत आली, हनुवटीवरून कानापर्यंत.

एकदा घड्याळजी खुर्चीत होता. त्याची दाढी मोठी अवघड, एका बाजूला दाट नि दुसऱ्या बाजूला विरळ, म्हणून भाऊंनी नमुना काढताना त्याचा सगळा चेहराच फेसाने रेखला. तेवढ्यात घड्याळजीच्या दुकानात कुणीतरी आलं आणि तो गळ्यातल्या टॉवेलसकट रस्ता ओलांडून पळाला. भाऊ हात पुसून वळले आणि थबकले. खुर्ची रिकामी होती आणि घड्याळजी आरशात तसाच होता. फेस सुकून पांढरा झाला होता, पण ते आखूड कपाळ, तो नाकाचा बाक, ती तिरकी हनुवटी, सगळं जागच्या जागी. माणूस गेला होता नि तोंड मागे राहिलं होतं.

भाऊंना हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. हे मी केलं, असं त्यांना वाटलं, आणि वस्तरा धरून इतकी वर्षं काढली तरी असं कधी वाटलं नव्हतं. केस कापून कितीही छान झाले तरी ते वाढतात. घड्याळजीच्या त्या तोंडाला भाऊंनी दिवसभर हात लावला नाही. त्या खुर्चीत जो बसेल त्याला घड्याळजीच्या तोंडातून स्वतःचं तोंड बघावं लागलं.

मग काय विचारता. एखाद्याला पत्त्यांचा नाद लागावा तसा भाऊंना चित्रांचा नाद लागला. जुन्या कॅलेंडरांचे जाड कागद पाठकोरे असतातच. लेकीची शाळेतली रंगपेटी माळ्यावरून खाली आली. ब्रश विकत कशाला आणायचा, दुकानात केसांना काय तोटा, असा विचार करून भाऊंनी कापलेल्या केसांचा ब्रश बांधला. तो पाण्यात बुडवल्याबरोबर भिजल्या मांजरासारखा लोळागोळा झाला. माणसाचे केस डोक्यावरच बरे असतात, हा धडा घेऊन भाऊ मुकाट्याने रंगांच्या दुकानात जाऊन चांगला ब्रश घेऊन आले.

सुरुवातीच्या चित्रांत कान अप्रतिम असायचे. कान म्हणजे भाऊंचा हातखंडा, त्याचं वळण न् वळण त्यांना पाठ. पण डोळे सगळ्यांचे मिटलेले. कारण दाढी करून घेताना माणूस डोळे मिटतो आणि भाऊंनी त्यांना तसंच पाहिलं होतं. अशी सातआठ चित्रं ओळीने भिंतीवर लागली तेव्हा औषधं विकणारा एक फिरता माणूस दारातूनच म्हणाला, "काय हो, गल्लीत साथ येऊन गेली का?" भाऊंनी त्याच दिवशी डोळे उघडायला घेतले.

रंगांचं वेड त्याहून मोठं. पेटीत 'अंगाचा रंग' म्हणून एक गुलाबी वडी होती. तो रंग दिल्यावर गल्लीतला प्रत्येक माणूस नुकताच उकडून काढल्यासारखा दिसायचा. मग एका सकाळी पोस्टमनची दाढी करताना भाऊंचा हात थांबला. नुकत्याच दाढी केलेल्या गालावर, खिडकीकडच्या बाजूला, चक्क हिरवट निळी झाक होती. हे गाल ते रोज बघत होते, आणि त्यात हिरवा रंग आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते सगळीकडे हिरवा शोधत हिंडले. कानामागे जांभळा सापडला, नाकाच्या शेंड्यावर केशरी. जेवताना त्यांनी वहिनींना सांगितलं, "पोस्टमनच्या गालात हिरवा आहे." वहिनी म्हणाल्या, "मग त्याला डॉक्टरकडे पाठवा." पण भाऊंचा आनंद पोटात मावत नव्हता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी त्यांची गत झाली होती.

अशी भिंत भरत गेली. ज्याचं चित्र तो खूश. "हुबेहूब मी," असं म्हणून बेकरीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलवायचा. एकच गोष्ट भाऊंना खटकायची. चित्र बघायला घरची माणसं आली की जरा चाचरायची. पोस्टमनची बायको मान एकदा इकडे नि एकदा तिकडे करून म्हणाली, "आहेत, आमचेच आहेत. पण काहीतरी वेगळेच." काय वेगळं ते तिलाही सांगता येईना. भाऊंनी मनाशी म्हटलं, बायकांना नवऱ्यात खोट दिसायचीच.

आणि मग वहिनी एक दिवस सहज म्हणाल्या, "माझं नाही काढलंत ते."

भाऊंनी काढलं. स्वयंपाकघरात कणीक मळताना, मुलांना भरवताना, वहिनींना जरा बसवून, जसं जमेल तसं. पहिलं चित्र वहिनींच्या धाकट्या बहिणीसारखं आलं. दुसरं बेकरीवाल्याच्या बायकोसारखं आलं, यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. तिसरं चित्र तर असं आलं की जणू पोस्टमनने बाईचा वेष घेतलाय. भाऊंनी आणखी कितीतरी काढली. नाक यायचं, कपाळ यायचं, पण सगळं मिळून वहिनी यायच्या नाहीत.

सुरुवातीला वहिनी हसायच्या. मग हसणं कमी झालं. एका संध्याकाळी, पाळणाघरातलं शेवटचं पोर घरी गेल्यावर, त्यांनी ताजं चित्र हातात घेतलं, बघितलं आणि खाली ठेवलं.

"बेकरीवाल्याच्या हनुवटीखालचा केस न् केस तुम्हाला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं समोर आहे. कधी बघितलंत का माझ्याकडे? ज्याला घरचं माणूस दिसत नाही, त्याने गावची चित्रं काढून काय करायचं?"

त्या रागावल्या असत्या तर भाऊंनी ऐकून सोडून दिलं असतं. पण त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते भाऊंना दिसत होतं. त्यांनी रंगपेटी बंद केली. आपल्याला नुसते कान काढता येतात, असं त्यांना वाटलं. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, "काय भाऊ, नवीन काय?" आणि भाऊ म्हणायचे, "काही नाही. सोडलं ते." नव्याचे नऊ दिवस, असं बाकावरच्यांनी एकमेकांना सांगितलं. भाऊंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

कोंडी फोडली लेकीने. ती इस्पितळात एक्स-रे काढायच्या कामाला होती. एक दिवस घरी जाताना ती दुकानात डोकावली, तेव्हा पोस्टमन खुर्चीत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या त्याच्या चित्राकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, काकांचा तीळ उजव्या गालावर आहे. तुम्ही डाव्या गालावर काढलाय."

"छे," पोस्टमन आरशात बघत म्हणाला, "बरोबर आहे की. मी रोज ह्याच बाजूला बघतो."

"भांगही उलटा आहे," लेक म्हणाली. "आमच्याकडे फोटोवर डावं-उजवं लिहून ठेवतात ते उगाच नाही. नाहीतर दुखतोय एक गुडघा आणि कापतील दुसरा." तिने चित्र भिंतीवरून काढलं आणि आरशासमोर धरलं. आरशात तीळ उजव्या गालावर गेला, भांग जागेवर आला, आणि पोस्टमन किंचाळायचा बाकी राहिला. "हा कोण?" तो म्हणाला. "हा मी नाही."

भाऊ बाकावर बसले. आता त्यांना सगळं उलगडलं. वस्तरा फिरवताना माणसाचा चेहरा दिसतो तो तुकड्यातुकड्यांनी, इथे गाल, इथे हनुवटी. तीळ कुठल्या गालावर आहे हे हाताला ठाऊक असतं. पण सबंध चेहरा भाऊंनी बघितला होता तो कायम समोरच्या आरशात. अख्खी गल्ली त्यांनी आरशातून शिकून घेतली होती. ज्याचं त्याला चित्र पसंत पडायचं, कारण तोही स्वतःला तसाच ओळखायचा. आणि घरची माणसं चाचरायची, कारण त्यांनी त्याला आरशाबाहेर पाहिलेलं.

"म्हणून तुझी आई जमत नाही," भाऊ उठून उभे राहिले. "ती कधी खुर्चीत बसलीच नाही. तिला आरशात बघायचं आणि मग उलटं करायचं. एवढंच घोडं अडलं होतं."

त्यांना इतका हुरूप आला की त्यांनी आधी पोस्टमनचंच चित्र नव्याने, बाजू बदलून काढलं आणि त्याच्या बायकोला दाखवायला स्वतः गेले. तिने खूप वेळ पाहिलं. "तीळ आला जागेवर," ती म्हणाली. "पण भाऊ, राग मानू नका. आमचे इतके शहाणे कधी दिसतात?"

भाऊंनी राग मानला नाही, पण वाटेने परत येताना ते वाक्य कानात माशीसारखं गुणगुणत राहिलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी भाऊंनी वहिनींना खाली आणलं. "पुरुषांच्या दुकानात मी काय करू," "कुणी बघितलं तर काय म्हणतील," "मला कामं आहेत," असं सगळं म्हणून झाल्यावर वहिनी आल्या, आणि आल्या त्या चांगले कपडे घालून. दार लोटलेलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं. वहिनी खुर्चीत बसल्या, भाऊंनी खुर्ची जरा वर केली, आणि वहिनींनी समोर आरशात बघितलं.

बघताक्षणी त्यांचा चेहरा बदलला. हनुवटी वर गेली, ओठ मिटले, कपाळ सपाट झालं, डोळे थोडे मोठे झाले. मागे उभे असलेले भाऊ ते पाहत होते. त्यांना वाटलं, ही बाई आपल्या ओळखीची आहे, पण फारशी नाही. लग्नकार्यात लांबून नमस्कार करावा इतपत.

काढायला तर हवंच होतं. भाऊ शेजारच्या स्टुलावर बसले आणि बाजू मागाहून उलटू म्हणून आधी आरशात दिसेल तसं काढू लागले. हात सरावलेला होता, चित्र भराभर आलं. वहिनींनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगबाई, ही मी," त्या म्हणाल्या. "आता जमलं तुम्हाला."

गोष्ट इथेच संपवता आली असती. दुसरा कुणी असता तर त्याने सुटलो म्हणून चित्राला खिळा ठोकला असता. बायको खूश, भांडण मिटलं, रंगपेटी पुन्हा उघडली. पण भाऊ चित्राकडे बघत बसले, आणि पोस्टमनच्या बायकोचं वाक्य पुन्हा गुणगुणलं. आमचे इतके शहाणे कधी दिसतात? आता भाऊंना ते कळलं. बाजू उलटली हा अपराध लहान होता. आरशासमोर बसलं की प्रत्येक जण आरशासाठीचं तोंड करतो. बेकरीवाला मान ताणून गळ्याखालची वळी लपवतो, पोस्टमन गाल आत ओढतो, घड्याळजी भुवया उचलून विद्वान होतो. भाऊंनी वर्षभर ती तोंडं काढली होती, आणि त्या तोंडाने हे लोक घरात कधी कुणाकडे बघत नव्हते.

"ही तू नाहीस," भाऊ म्हणाले.

"काय?"

"ही तू नाहीस. ही आरशातली आहे."

वहिनींचा संयम सुटला. "इतके दिवस मी म्हणत होते ही मी नाही, तर तुम्ही म्हणत होता नीट बघ. आता मी म्हणतेय ही मी आहे, तर तुम्ही म्हणता नाही. माझं तोंड मला माहीत की तुम्हाला?"

हे त्या आरशातल्या भाऊंना सांगत होत्या. भाऊंनी खुर्चीच्या पाठीला हात घातला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. आरसा मागे गेला. वहिनी भाऊंच्या समोर आल्या, हातभर अंतरावर, अर्धं वाक्य तोंडात घेऊन.

आणि ती तिथे होती. एक भुवई वर चढलेली. ओठ एका बाजूला मुडपलेले, म्हणजे चिडलेत की हसणार आहेत हे अजून ठरायचंय असे. हनुवटीवर एक बारीकशी खळी, जी फक्त बोलायच्या आधी पडायची. डोळे सरळ भाऊंवर रोखलेले, 'या माणसाचं मी काय करू' असं विचारणारे, आणि त्याचं उत्तर त्यांना फार पूर्वीच मिळालेलं. रोज सकाळी चहाच्या वेळी, रोज दुपारी जिन्यात, भाऊंच्या समोर हेच तोंड होतं. इतकं रोजचं की ते त्यांना दिसेनासं झालं होतं.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"हलू नको काय? मी विचारतेय..."

"विचार. पण हलू नकोस."

भाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांत बघून चित्र काढलं. आरशात माणूस सपाट असतो, काचेत बसवलेला. इथे समोर जिवंत बाई होती, ती श्वास घेत होती, बोलत होती, "पाठ अवघडली" म्हणत होती, आणि दर क्षणाला बदलत होती. भाऊंनी तीनदा खोडलं. मग खोडायचं सोडून दिलं आणि जे येईल ते येऊ दिलं. पुढचे काही दिवस ते दुपारचं जेवण झालं की वर स्वयंपाकघरात वहिनींच्या समोर बसायचे आणि थोडं थोडं रंगवायचे. भाजी निवडणाऱ्या वहिनींच्या गालात त्यांना खिडकीचा पिवळा सापडला, डोळ्यांखाली दमलेला जांभळा, कानाशी पांढऱ्या केसांत चक्क निळा. एकेक रंग सापडला की ते स्वतःशीच हसायचे. रंगपेटी बंद करून ठेवलेले ते दिवस आठवले की त्यांना वाटायचं, आपण उपाशी होतो आणि आपल्याला कळलंच नव्हतं.

चित्र झालं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. भाऊंनी ते टेबलावर, भिंतीला टेकवून ठेवलं आणि बाजूला झाले. वहिनी हात पुसत आल्या. त्यांनी बघितलं, आणि त्यांचं तोंड उतरलं.

"ही कोण?"

भाऊंनी ब्रश पुसायला घेतला.

"तोंड वाकडं काय, भुवई कुठे, हनुवटी कुठे," वहिनी म्हणाल्या. त्या आत गेल्या, कपाटाच्या आरशात बघून आल्या, पुन्हा चित्र बघितलं, पुन्हा आत गेल्या. "मी अशी नाही दिसत. मी आत्ताच बघून आले. आधीचंच बरं होतं."

भाऊ खुर्चीवर बसले. चित्र बरोबर आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ज्या एका माणसासाठी ते काढलं त्याला ते पटत नव्हतं. आता पुन्हा काढायला त्यांच्याजवळ दुसरं तोंड नव्हतं. त्यांना माहीत होतं ते हेच.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि लेक आत आली. इस्पितळात गर्दी होती, तिला यायला उशीर झाला होता. वहिनी पुन्हा दाराआड कपाटाशी गेल्या होत्या, त्यामुळे तिला समोर दिसलं ते टेबलावरचं चित्र. तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि एका दमात बोलायला लागली.

"आई, ओरडू नकोस, मी फोन करणार होते, पण शेवटच्या पेशंटला हात सरळच करता येईना, मग..."

ती थांबली. तिने चित्राकडे नीट पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी घाबरलेच की."

हातच्या काकणाला आरसा कशाला? भाऊ इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकही हसायला लागली. दाराआडून वहिनी पुढे आल्या, त्यांनी ऐकलं होतं. त्या हसल्या नाहीत. लेक हातपाय धुवायला गेली तरी त्या चित्रासमोर उभ्याच होत्या, आता कपाटाकडे न जाता.

"मी अशी बघते तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नेहमी?"

"चिडलीस की जरा जास्त."

वहिनींनी वाकून जवळून बघितलं. त्या वर चढलेल्या भुवईला त्यांनी बोट लावलं आणि रंग ओला आहे म्हणून लगेच मागे घेतलं. "मला कधी दिसलंच नाही हे."

"तुला कसं दिसणार? तू आरशात बघतेस तेव्हा तुझ्यासमोर मी नसतो."

भाऊंना वहिनींच्या चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणून ते उठून हातोडी शोधायला लागले. "दुकानात लावतो," ते म्हणाले, "मधोमध. बेकरीवाल्याला सरकवतो बाजूला. उद्या सगळी गल्ली बघेल."

"दुकानात नको."

भाऊंचे हात थांबले. "नाही आवडलं?"

"आवडलं की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी चित्र दोन्ही हातांनी कडेला धरून उचललं, ओला रंग साडीला लागू नये म्हणून लांब धरलं, आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. "पण गिऱ्हाइकांकडे मी अशी बघत नाही."